आकडे शेजारीशेजारी

बीबी हे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातलं गाव. सोयाबीन, कापूस, तूर ही इथली नेहमीची पिकं, आणि विहिरीवरची थ्री-फेज मोटर हा शेतातला रोजचा प्रश्न. मोटरच्या स्टार्टर पेटीवर दोन काटे असतात, एक व्होल्टचा आणि एक अँपिअरचा. तिसरी खूण म्हणजे पाइपातून पडणारी पाण्याची धार. अँपिअरचा काटा नेहमीपेक्षा खाली आला, तर तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. व्होल्ट ठीक आहेत, अँपिअर उतरलेत आणि धार तुटक पडतेय, असं तिन्ही एकदम दिसलं की शेतकरी ओळखतो, विहिरीनं तळ गाठलाय, मोटर बंद करा. उलट व्होल्ट पडलेत आणि अँपिअर चढलेत, तर पाणी भरपूर असूनही मोटर जळण्याची भीती असते.

याच शेतकऱ्याचा मुलगा शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडून पुण्यात हिंजवडीला किंवा येरवड्याला नोकरीला लागला, तर त्याच्या समोर मेनफ्रेम, म्हणजे एकाच वेळी असंख्य व्यवहार हाताळणारा मोठा संगणक, येण्याची बरीच शक्यता असते. अमेरिका-युरोपातल्या मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती आजही आपले मुख्य व्यवहार या यंत्रांवर चालवतात आणि त्यांची देखभाल करणारी बरीच माणसं पुण्या-मुंबईत बसतात. त्या यंत्रावर नजर ठेवण्याचा पडदा कसा मांडायचा, हा या प्रकरणाचा विषय आहे. गाभ्याचं सूत्र एकच: एकटा आकडा निदान करत नाही. ज्या आकड्यांचा एकमेकांशी कार्यकारणसंबंध आहे ते एकाच पडद्यावर, एकाच काळाचे आणि शेजारीशेजारी दिसले पाहिजेत. पुढचं सगळं याच एका वाक्याचा विस्तार आहे.

मुंबईपासून सुरुवात

मोठ्या संगणकांशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक १९६० मध्ये चालू झाला. त्याला हे नाव १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी दिलं. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेतून सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र आलं आणि देशभरातले संशोधक आपापली गणितं घेऊन त्याच्या दारात रांग लावू लागले. १९६८ मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली. १९७४ मध्ये या कंपनीनं बरोज कंपनीचा संगणक आणला आणि परदेशी ग्राहकांची कामं इथं बसून करण्याची वाट उघडली.

त्या काळी काम द्यायचं ते छिद्रं पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून आणि उत्तर मिळायचं ते छापील कागदावर. यंत्र कुठं अडखळलं हे बहुधा काम आटोपल्यावर, नोंदी चाळूनच कळायचं. आयबीएमनं ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही मालिका जाहीर केली. तिच्या यंत्रांवर अनेक कामं एकदम चालू लागली, तेव्हा ‘आत्ता या क्षणी काय चाललंय?’ हा प्रश्न तातडीचा झाला. कॅलिफोर्नियात १९६७ मध्ये स्थापन झालेली बूल अँड बॅबेज ही कंपनी नेमक्या याच प्रश्नावर उभी राहिली. तिनं तयार केलेलं ‘मेनव्ह्यू’ हे साधन १९९९ मध्ये बीएमसी सॉफ्टवेअरकडे गेलं, आणि बीएमसीचं एक मोठं केंद्र आज पुण्यात आहे. या क्षेत्रातलं दुसरं गाजलेलं साधन म्हणजे कँडल कंपनीचं ‘ओमेगामॉन’. ते २००४ मध्ये आयबीएमकडे आलं. याखेरीज आयबीएमचं स्वतःचं ‘आरएमएफ’ आहे. साधनं वेगळी असली, तरी पडदा मांडण्याचं शास्त्र तिन्हींना सारखंच लागू पडतं.

चोवीस ओळींची शिस्त

मेनफ्रेमचा पडदा आपल्या मोबाइलसारखा नसतो. १९७१ मध्ये आलेल्या ३२७० या टर्मिनलनं त्याचा साचा ठरवला आणि आजही संगणकावर त्याच टर्मिनलची नक्कल चालते. त्याचं सर्वांत प्रचलित माप म्हणजे २४ ओळी आणि ८० रकाने, एकूण १,९२० अक्षरं. याखेरीज ३२ आणि ४३ ओळींची मापं आहेत, आणि २७ ओळी व १३२ रकान्यांचं रुंद मापही आहे.

या टर्मिनलचा एक स्वभाव पक्का ध्यानात ठेवावा लागतो. आपण एंटर किंवा एखादी फंक्शन की दाबेपर्यंत ते यंत्राशी बोलत नाही. म्हणजे समोर दिसणारे आकडे शेवटची की दाबली त्या वेळचे असतात. चहाला जाऊन परत आलेला माणूस दहा मिनिटांपूर्वीचं चित्र ताजं समजून बघत बसू शकतो. म्हणून देखरेखीच्या साधनांमध्ये पडदा आपोआप ताजा करण्याची सोय असते. आरएमएफमध्ये तिला ‘गो मोड’ म्हणतात. ती चालू असताना कीबोर्ड अडकून राहतो आणि मध्येच काही तपासायचं असेल, तर अटेंशन की दाबून बाहेर यावं लागतं. पडद्यावर वेळ कुठं छापलेली असते ते आधी शोधा, आणि कुठलाही आकडा वाचण्याआधी ती वेळ वाचायची सवय लावा.

आता जागेचा हिशेब करू. २४ ओळींपैकी वरच्या तीन आदेश आणि शीर्षकाला गेल्या, तर उरल्या २१. त्यात एकाखाली एक तीन खिडक्या केल्या, तर प्रत्येकीला सात ओळी मिळतात. प्रत्येक खिडकीत एक ओळ तिच्या नावाला आणि दोन ओळी रकान्यांच्या मथळ्यांना जातात. हाती राहतात चार ओळी. चार ओळींत फक्त वरची चार माणसं मावतात, आणि दोषी बहुधा पाचवा असतो. म्हणून अनेक खिडक्यांचा पडदा मांडायचा असेल, तर पहिलं काम म्हणजे टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जाऊन ४३ ओळींचं किंवा १३२ रकान्यांचं माप निवडणं. त्याच हिशेबानं ४३ ओळींत तीन खिडक्या केल्या, तर प्रत्येकीत दहा ओळी माहिती सहज बसते. बरेच नवशिके हे माप न बदलता खिडक्या फाडत बसतात आणि मग साधनाला दोष देतात.

आधी प्रश्न, मग खिडकी

साधनं शेकडो तक्ते देतात, आणि हौसेनं आठ-दहा तक्ते एका पडद्यावर कोंबण्याचा मोह होतो. त्याऐवजी कागदावर तीन प्रश्न लिहा. त्रास कोणाला होतोय? तो कशाची वाट बघतोय? ती गोष्ट अडवून कोण बसलंय? खिडक्या याच क्रमानं वरून खाली यायला हव्यात, म्हणजे डोळ्यांची वाट आणि विचाराची वाट एकच राहते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रोसेसरच्या टक्केवारीत शोधण्याची सवय घातक आहे. छोट्या सर्व्हरवर काम केलेल्या माणसाला शंभर टक्के हा आकडा बघून धडकी भरते. मेनफ्रेम मात्र शंभर टक्क्यांजवळ चालवण्यासाठीच बांधलेला असतो. महत्त्वाच्या कामांना हवं ते मिळाल्यावर उरलेल्या क्षमतेत बिनमहत्त्वाची कामं चालावीत, हीच त्यामागची योजना आहे. ही वाटणी ‘वर्कलोड मॅनेजर’ करतो. तो १९९४ मध्ये एमव्हीएस/ईएसए या मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आला. त्याला आपण प्रत्येक वर्गाच्या कामाचं ध्येय आणि १ ते ५ असं महत्त्व सांगून ठेवतो. ध्येय कितपत गाठलं, हे तो एका आकड्यात सांगतो, आणि त्या आकड्याला कामगिरी निर्देशांक म्हणतात.

या निर्देशांकाचं गणित सोपं आहे. समजा, ऑनलाइन व्यवहार सरासरी अर्ध्या सेकंदात व्हावेत असं ध्येय आहे आणि प्रत्यक्षात ०.९ सेकंद लागतोय. ०.९ भागिले ०.५ म्हणजे १.८. निर्देशांक १ किंवा त्याहून कमी असेल, तर ध्येय गाठलं. १ च्या वर गेला, तर कोणीतरी खोळंबलंय. लांबलचक बॅच कामांना, म्हणजे गठ्ठ्यानं चालणाऱ्या कामांना, सेकंदांचं ध्येय लावता येत नाही. त्यांच्यासाठी ‘वेग’ मोजतात, म्हणजे काम जेवढा वेळ साधनं वापरत होतं किंवा त्यांच्यासाठी अडून होतं, त्या एकूण वेळात प्रत्यक्ष वापराचा वाटा किती. ध्येय ४० आणि प्रत्यक्ष २५ असेल, तर निर्देशांक ४० भागिले २५, म्हणजे १.६. भागाकार उलटा झाला हे लक्षात घ्या, कारण वेग जास्त असणं चांगलं आणि वेळ जास्त असणं वाईट.

म्हणून पहिली खिडकी निर्देशांकाची असावी. महत्त्व १ आणि २ चे वर्ग वर आणि त्यांत सर्वांत मोठा निर्देशांक सर्वांत वर, अशी क्रमवारी लावावी. प्रोसेसरची टक्केवारी तिच्या शेजारी अरुंद खिडकीत चालते. त्याच अरुंद खिडकीत चालू चार तासांची सरासरीही हवी. परवान्याच्या पूर्वापार चालत आलेल्या आकारणीत महिन्याभरातल्या या सरासरीच्या शिखरावर सॉफ्टवेअरचं बिल ठरतं. एखाद्या दुपारी कोणी चुकीच्या वेळी जड काम सोडलं, तर त्याची किंमत पूर्ण महिन्याच्या बिलात मोजावी लागते.

दुसरी खिडकी विलंबाची. कोणतं काम किती टक्के वेळ कशासाठी थांबलं, ते तिथं दिसतं: प्रोसेसरसाठी, डिस्कसाठी, मेमरीसाठी की कुणी धरून ठेवलेल्या कुलपासाठी (एका वेळी एकाच कामाला फाइल वापरू देणारी अडवणूक). तिसरी खिडकी त्या साधनाच्या मालकाची, म्हणजे डिस्कचा प्रतिसाद आणि कुलपांची भांडणं. डिस्कचा प्रतिसाद एकाच आकड्यात बघू नये. रांगेत गेलेला वेळ, मार्ग मोकळा होण्याची वाट बघण्यात गेलेला वेळ, जोडणी सुटून गेलेला वेळ आणि प्रत्यक्ष वहनाचा वेळ असे त्याचे चार भाग असतात. आजच्या फ्लॅश साठवणीत हा सगळा काळ बहुधा एका मिलिसेकंदाच्या आत असतो. तो वाढला तर कोणता भाग फुगलाय यावरून इलाज ठरतो. रांग फुगली असेल तर एकाच डिस्कवर गर्दी झालीय, आणि जोडणी सुटण्याचा वेळ वाढला असेल तर माहिती कॅशमध्ये सापडत नाहीये.

फाळणी कशी करायची

मेनव्ह्यूमध्ये पडद्याची फाळणी दोन आदेशांनी होते. ‘एचएस’ लिहून कर्सर हव्या त्या ओळीवर नेऊन एंटर दाबलं की आडवी फाळणी होते, म्हणजे वर एक आणि खाली एक खिडकी. ‘व्हीएस’नं उभी फाळणी होते. प्रत्येक खिडकीला क्रमांक मिळतो आणि आदेश कोणत्या खिडकीला लागू करायचा ते त्या क्रमांकानं सांगता येतं.

क्रम चुकवू नका. आधी आडव्या फाळण्या करा, मग फक्त वरच्या पट्टीत एक उभी फाळणी. खालच्या तक्त्यांना रुंदी लागते. कामाचं नाव, वर्ग, विलंबाचं कारण आणि टक्के हे चारही रकाने एकत्र दिसले नाहीत, तर उजवीकडे-डावीकडे सरकत बसावं लागतं आणि अनेक खिडक्यांचा फायदाच संपतो. निर्देशांकाचा तक्ता मात्र अरुंद असतो, त्यामुळे त्याच्या शेजारी टक्केवारीची खिडकी आरामात मावते.

ज्यांच्याकडे असं साधन नाही, त्यांनाही आयएसपीएफची, म्हणजे मेनफ्रेमवरच्या नेहमीच्या कामाच्या पडद्याची, सोय आहेच. एफ२ दाबलं की कर्सरच्या जागी पडदा दुभंगतो आणि एफ९ नं एका भागातून दुसऱ्यात जाता येतं. वरच्या भागात निर्देशांक, खालच्या भागात विलंब, एवढं केलं तरी निम्मी लढाई जिंकली.

सगळ्यांचं घड्याळ एक

आता सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. एका खिडकीत शेवटच्या शंभर सेकंदांचं चित्र आणि शेजारच्या खिडकीत पंधरा मिनिटांची सरासरी असेल, तर ते आकडे शेजारी असूनही एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्यात कारण आणि परिणाम शोधणं म्हणजे स्वतःला फसवणं.

सरासरी किती लपवते ते पाहा. व्यवहाराला एरवी ०.२ सेकंद लागतो आणि दर मिनिटाला सारखेच व्यवहार होतात असं धरू. पंधरापैकी एका मिनिटात कुठंतरी अडकून प्रत्येक व्यवहाराला सहा सेकंद लागले. पंधरा मिनिटांची सरासरी काढली तर येते सुमारे ०.५९ सेकंद. तक्त्यात वाढ दिसते, पण सहा सेकंदांचा पत्ताही लागत नाही. प्रत्यक्षात त्या एका मिनिटात शेकडो लोक बँकेच्या खिडकीसमोर किंवा मोबाइल हातात धरून ताटकळले. आरएमएफचा ‘मॉनिटर ३’ हा चालू स्थिती दाखवणारा भाग, त्याची मूळ मांडणी बदललेली नसेल तर, दर सेकंदाला नमुना घेतो आणि शंभर सेकंदांचं चित्र दाखवतो. चालू घडामोडीसाठी हे माप चांगलं आहे. दिवसाचा कल बघायचा असेल तर पंधरा मिनिटांची सरासरी लागते, पण तिचा पडदा वेगळा ठेवा.

पडदा किती वेळानं ताजा करायचा यालाही मर्यादा आहे. वर्कलोड मॅनेजर दर पाव सेकंदाला नमुने घेतो, पण साधनांचं फेरवाटप साधारण दहा सेकंदांनी करतो. त्याहून घाईनं पडदा ताजा करून फारसं काही हाती लागत नाही. शिवाय देखरेखीचं साधन त्याच यंत्राचा प्रोसेसर खातं. दहा माणसांनी दर दोन सेकंदांनी पडदे ताजे करत ठेवले, तर पाहणाऱ्यांचाच भार यंत्रावर दिसू लागतो.

लाल रंग जपून वापरा

प्रत्येक आकड्याला मर्यादा लावून ती ओलांडली की पिवळा किंवा लाल रंग देता येतो. इथं हात आखडता घ्यावा. ज्या पडद्यावर रोज बारा आकडे लाल असतात, तिथं तेरावा लाल झालेला कोणाला दिसत नाही. लाल रंग फक्त अशा आकड्याला द्या, जो लाल झाल्यावर कोणीतरी उठून काहीतरी करणार आहे. महत्त्व १ च्या वर्गाचा निर्देशांक १ च्या वर सलग काही मिनिटं राहणं, जेईएसचा स्पूल (रांगेतली कामं आणि त्यांचे निकाल साठवणारी जागा) भरत येणं, एखाद्या कुलपासाठी ऑनलाइन कामं खोळंबणं, एवढ्यांवर भागतं. प्रोसेसर शंभर टक्के झाला म्हणून लाल रंग नको. त्याच वेळी वरच्या वर्गाचं ध्येय हुकलं, तर तो रंग आपोआप योग्य जागी दिसेलच.

मांडलेला पडदा वाचताना

समजा, संध्याकाळी साडेसात वाजलेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात तेव्हा सकाळचे दहा असतात आणि व्यवहारांची गर्दी चढलेली असते. पहिल्या खिडकीत ऑनलाइन वर्गाचा निर्देशांक १.८ झाला. शेजारी बघा: प्रोसेसर ६२ टक्के. म्हणजे ताकद भरपूर शिल्लक आहे, तरी काम होत नाहीये. नजर खाली न्या. विलंबाच्या खिडकीत ऑनलाइन कामांसमोर प्रोसेसरचा विलंब नगण्य, डिस्कचाही नगण्य, पण कुलपाच्या प्रतीक्षेचा रकाना मोठा. आणखी एक खिडकी खाली: त्या कुलपाचा धनी एक बॅच काम आहे. रात्रीच संपायला हवं होतं ते लांबलं, आणि ज्या फाइलीवर सकाळचे व्यवहार चालतात तीच धरून बसलंय.

तीन खिडक्या, वरून खाली एकच नजर. हेच तक्ते एकामागून एक उघडावे लागले असते, तर तिसऱ्यापर्यंत पोहोचेतो पहिल्यातला आकडा डोक्यात राहिला नसता किंवा परिस्थितीच बदलली असती. आणि नुसती टक्केवारी बघणाऱ्यानं ‘यंत्र निवांत आहे’ असा शेरा मारून फोन ठेवला असता.

याच उदाहरणातून दिसतं की एका पडद्यावर दिवस आणि रात्र दोन्ही भागत नाहीत. पूर्व किनाऱ्यावर रात्री दहाला बॅच सुरू होते, तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात सकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. तेव्हा ऑनलाइन वर्गाचा निर्देशांक मागच्या बाकावर जातो, आणि कोणतं काम कुठवर आलं, कुणाचा वेग पडला, स्पूल किती भरला हे पुढं येतं. म्हणून दोन पडदे मांडा, दोन नावांनी जतन करा आणि पाळी बदलली की पडदाही बदला. मेनव्ह्यूमध्ये पडदा जतन करण्याच्या आदेशानं खिडक्यांची मांडणी नावानिशी साठवता येते आणि दुसऱ्या दिवशी त्याच नावानं एका आदेशात परत बोलावता येते.

पडद्याची निगा

जतन केलेला पडदा म्हणजे एका अनुभवी माणसाची विचार करण्याची पद्धत लिहून ठेवणं आहे. मेनफ्रेमवर वीस-तीस वर्षं घालवलेली पिढी आता निवृत्त होतेय. आकडे कोणत्या क्रमानं बघायचे, कशावर विश्वास ठेवायचा, कशानं घाबरायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात आहे आणि पुस्तिकांमध्ये फारसं सापडत नाही. त्यांच्याकडून ते मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्यांना विचारणं: ‘सर, पहाटे फोन आला तर तुम्ही सगळ्यात आधी काय बघता? आणि त्यानंतर?’ त्या उत्तराची खिडक्यांमध्ये मांडणी करा, सर्वांना वापरता येईल अशा ठिकाणी साठवा आणि प्रत्येक खिडकी का ठेवली हे दोन ओळींत लिहून ठेवा.

मग दर महिन्याला त्या पडद्याची झाडाझडती घ्या. जी खिडकी बघून महिन्याभरात कोणी काहीच वेगळं केलं नाही, ती काढून टाका. जो बिघाड पडद्यावर दिसलाच नाही आणि ग्राहकाच्या फोनवरून कळला, त्याच्यासाठी जागा करा. अशा पाच-सहा फेऱ्या झाल्या की नव्यानं आलेल्या मुलालासुद्धा पहिल्याच आठवड्यात अडचणीच्या मुळाशी जाता येतं, आणि त्याला ते कोणाला न विचारता जमलं, की समजावं, पडदा नीट मांडला गेलाय.